दिलेला शब्द

शिक्षकाला जादा पैसे का द्यायचे, हा वाद अमेरिकेतही आहेच. तिथे १९८७ मध्ये शिक्षकांना प्रमाणपत्र देणारं राष्ट्रीय मंडळ निघालं. वर्गातल्या शिकवण्याचं चित्रण, मुलांच्या कामाचे नमुने, वर लेखी परीक्षा. एवढं पार पडलं की प्रमाणपत्र, तेही तेव्हा दहा वर्षांसाठी. नॉर्थ कॅरोलिनाने त्यावर १२ टक्के जादा पगार दिला. जॉर्जियाने १० टक्के देऊ केले, पण मंदीत तिजोरी आटली आणि २०१० मध्ये ते बंद केले.

विरोधक म्हणतात, प्रमाणपत्राने मुलांचे गुण फारसे वाढत नाहीत. असेलही. मग नव्यांना देऊ नका. पण ज्यांनी तुमच्या भरवशावर रात्री जागवल्या, त्यांचं काय? उभा जन्म फळ्यावर सुविचार लिहिण्यात गेला माझा, म्हणून हेच खुपतं.