तात्या विंचू, लक्ष्या आणि 'पार्ट टू'

गेल्या रविवारी दुपारी टीव्हीवर 'झपाटलेला' लागला होता. (तो कधी लागलेला नसतो म्हणा!) पाच मिनिटं बघू म्हणून बसलो आणि शेवटची गोळी सुटेपर्यंत उठलो नाही. जेवण गार झालं, आईची बोलणी खाल्ली. त्याच धुंदीत रात्री 'झपाटलेला २' शोधून लावला आणि अर्ध्या तासात बंद केला. २०१३ साली थिएटरमध्येही मन असंच खट्टू झालं होतं. तेव्हा कारण कळलं नव्हतं, आता थोडंफार कळतंय असं वाटतं. म्हणून हा लेख.

आधी थोडा इतिहास. १९८८ साली अमेरिकेत 'चाइल्ड्स प्ले' नावाचा भयपट आला. पोलिसाच्या गोळीने मरायला टेकलेला एक खुनी मंत्र म्हणतो आणि आपला आत्मा दुकानातल्या खेळण्यात घालतो. तोच तो चकी. १९९३ मध्ये महेश कोठारेंनी हीच कल्पना मराठीत आणली. उचलली म्हणा हवं तर, मी भांडणार नाही. पण आणताना त्यांनी दोन गोष्टी बदलल्या आणि माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे.

पहिला बदल बाहुल्यात. चकी म्हणजे कारखान्यात हजारोंनी बनणारं खेळणं. तो हलायचा यंत्रांवर आणि एकेका शॉटमागे ऑपरेटरांची फौज लागायची. तात्या विंचू मात्र बोलक्या बाहुल्यांच्या घराण्यातला. तो घडवला रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील यशवंत पाध्ये म्हणजे अर्धवटरावांचे जनक. अर्धवटरावांनी केव्हाच शंभरी ओलांडली आहे. रामदास पाध्ये शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. (आमच्या जमातीतही कोणीतरी काहीतरी चांगलं करतं, हे वाचून बरं वाटलं!) लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससाही त्यांचाच.

आता ही शब्दभ्रमाची कला चालते कशी? बाहुल्याच्या पाठीतून हात आत घालायचा, मान फिरवायची, जबडा हलवायचा आणि ओठ न हलवता त्याचा आवाज काढायचा. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतातच, तिथे कलाकाराचा घाम निघतो. पण एखादा प्रयोग नीट बघितलात तर लक्षात येईल की आवाज हा अर्धाच खेळ आहे. उरलेला अर्धा खेळ कलाकाराच्या चेहऱ्यावर असतो. बाहुला बोलताना तो त्याच्याकडे बघतो, ऐकतो, चिडतो, ओशाळतो. शेजारचा माणूस ऐकतोय म्हणून आपल्याला वाटतं की लाकूड बोलतंय.

दुसरा बदल माणसात. चकी जातो अँडी नावाच्या सहा वर्षांच्या मुलाकडे. लहान मुलाचं कोणी ऐकत नाही, ही तिथली भीती. कोठारेंनी त्या मुलाच्या जागी लक्ष्याला, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेंना उभं केलं. चांगला वाढलेला बाप्या, पण मनाने पोरच. बाहुला जिवंत आहे हे तो जीव तोडून सांगतो आणि सगळे त्याला वेड्यात काढतात. आपण हसतो, आणि हसता हसता त्याची दयाही येते. दिलीप प्रभावळकरांनी तात्याला दिलेला आवाज जबरदस्तच आहे, पण पुढच्या वेळी तात्या बोलत असताना तात्याकडे बघू नका. लक्ष्याकडे बघा. ते डोळे, तो गिळलेला आवंढा, ती मागे सरकायची घाई. बाहुल्यात हात पाध्यांचा, आवाज प्रभावळकरांचा, पण त्यात जीव आहे हे आपल्याला पटवलं बेर्डेंनी.

१६ डिसेंबर २००४ ला लक्ष्मीकांत बेर्डे गेले. मी सात वर्षांचा होतो. बाबा ऑफिसातून आले आणि बूट न काढता बातम्या बघत उभे राहिले, एवढं आठवतं. टीव्हीवर त्यांचेच सिनेमे दाखवत होते आणि मी नेहमीसारखा हसत होतो. बाबा हसत नव्हते.

म्हणून २०१३ च्या जूनमध्ये 'झपाटलेला २' आला तेव्हा आमच्या घरी सणच होता. दहावी संपलेली, त्यात सिनेमा थ्रीडी! मी आणि बाबा चष्मे लावून बसलो. आवाज तोच, प्रभावळकरांचा. दिग्दर्शक तेच. हिरो म्हणजे लक्ष्याचा मुलगा, आदिनाथ कोठारे. वस्तू अंगावर येत होत्या, तात्या पूर्वीपेक्षा सफाईने हलत होता. आणि मला ना भीती वाटत होती, ना हसू येत होतं. मी चष्म्याच्या कडेने बाबांकडे बघत होतो, ते कधी हसतात याची वाट बघत. परत येताना गाडीवर मी ग्राफिक्सला शिव्या घातल्या. बाबा बराच वेळ गप्प होते. मग एवढंच म्हणाले, "बाहुला बरा होता रे. त्याला घाबरणारं कोणी नव्हतं."

तेव्हा हे मला बाबांचं नेहमीचं 'आमच्या वेळी' वाटलं होतं.

गंमत म्हणजे तिकडे चकीचंही असंच झालं. २०१९ मध्ये 'चाइल्ड्स प्ले' नव्याने काढला. मूळ कल्पना ज्यांची ते डॉन मॅन्सिनी त्यात नव्हते, आवाज ब्रॅड डूरिफचा नव्हता. आणि आत्माही नव्हता! कारखान्यातला एक त्रासलेला कामगार बाहुल्याच्या चिपमधले सुरक्षेचे निर्बंध काढून टाकतो, म्हणून तो माणसं मारतो. म्हणजे भूत काढलं आणि बग घातला. रोज बग काढून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला हे आवडायला हवं होतं, पण नाही आवडलं. बगची भीती मला सोमवार ते शुक्रवार पुरते.

'झपाटलेला २' वर मी आता तितका चिडत नाही. लक्ष्याची जागा भरायला कोठारे तरी कुठून काय आणणार होते? राग एवढाच की नसलेल्या माणसाची जागा तंत्राने भरता येईल असं त्या सिनेमाला वाटलं. आणि खरं सांगायचं तर थ्रीडीचा चष्मा लावताना मलाही तसंच वाटलं होतं. मी लक्ष्याला परत बघायला गेलो होतो, सिनेमा बघायला नाही.

असो. रविवारी रात्री दुसरा भाग बंद केल्यावर बाबांना विचारलं, पहिला परत लावू का? म्हणाले, "दुपारी झाला ना एकदा." आणि खुर्ची टीव्हीजवळ ओढून बसले.