तळटीप ७ : जुन्या ग्रंथांची खळ

७. मूळ लेखात नुसते ‘खळ’ म्हटले आहे. अभिप्रेत आहे ती ग्लुटेन धुऊन काढलेल्या गव्हाच्या सत्त्वाची, मंद आचेवर शिजवलेली. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. इतक्या जुन्या संग्रहांच्या बाबतीत हा खुलासा आवश्यक वाटतो. झुरळे आणि कसर खळीवर तुटून पडतात, म्हणून बाइंडर तिच्यात मोरचूद घालत आले. पण मोरचूद आम्लधर्मी. शिवाय त्यातले तांबे कागदाच्या झिजेला वेग देते. खाडीकाठच्या दमट हवेत तर फारच. कीड टळते, पान मात्र ठिसूळ होते. फेव्हिकोलसारखा पांढरा गोंद वाळल्यावर पाण्याने सहज सुटत नाही. नव्या वहीला तो ठीक, एकोणिसाव्या शतकातल्या पानाला नाही. सेलोटेप सर्वांत वाईट: डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. किडीची धास्ती असेल तर मिथाइल सेल्युलोज वापरावे. पकड सौम्य, पण कीड-बुरशी सहसा धरत नाही.

पारख सोपी आहे. रद्दीतल्या जुन्या कागदावर डिंक लावून पूर्ण वाळू द्यावा, मग ओल्या टिपकागदाखाली सुटतो का पाहावे. पीएच पट्टीने आम्लता तपासावी. प्रयोगशाळेतली ऑडी चाचणी २८ दिवसांची: नमुन्याबरोबर चांदी, तांबे व शिशाचे तुकडे ६० अंश सेल्सियसला बंद, दमट बाटलीत ठेवतात, धातू गंजला तर डिंक बाद. ग्रंथपालांना विनंती, खळ लागेल तेवढीच ताजी शिजवावी आणि मोरचूद टाळावे. — संपादक