जुन्या डॅटसन २४०झेडच्या इंजिनाची ताकद कशी वाढवतात? सहा सिलिंडरचं गणित समजून घ्या

लांब बॉनेटची जुनी जपानी गाडी, आत ओळीने बसवलेले तीन कार्ब्युरेटर आणि ॲक्सिलरेटर दाबताच अंगावर काटा आणणारा आवाज. अशी रील कधी ना कधी तुमच्याही फीडवर आली असेल. खाली कमेंट ठरलेली असते, "तीन कार्ब्युरेटर लावले की गाडी अशी पळते का?"

उत्तर आहे, नाही. तीन कार्ब्युरेटर ही पहिली पायरी नाहीच. क्रम चुकला तर पैसे जातात आणि कधी कधी इंजिनही.

गाडी कोणती, इंजिन कोणतं?

१९६९ साली निसानने जपानमध्ये 'फेअरलेडी झेड' आणली. परदेशात तीच गाडी डॅटसन २४०झेड म्हणून विकली गेली. तिच्यातल्या इंजिनाचं नाव एल२४. एका ओळीत सहा सिलिंडर, २,३९३ सीसी, बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड आणि वर एक कॅमशाफ्ट.

एका ओळीत सहा सिलिंडर असले की पिस्टनच्या हालचालींचे धक्के एकमेकांना जवळपास रद्द करतात. म्हणून हे इंजिन इतकं मऊ चालतं. ते दणकटही आहे. पूर्व आफ्रिकेतली खडतर सफारी रॅली या गाडीने १९७१ आणि १९७३ मध्ये जिंकली. १९७३ ला स्टिअरिंगवर होते भारतीय वंशाचे शेखर मेहता.

ताकद वाढते म्हणजे काय होतं?

इंजिन हा हवेचा पंप समजा. जास्त हवा आत गेली, तिच्या प्रमाणात पेट्रोल मिळालं आणि जळलेला धूर पटकन बाहेर पडला की ताकद वाढते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याभोवतीच फिरतात.

पायरी १: आधी तब्येत तपासा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी हीच. सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं जातं. आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा बराच खाली असेल तर रिंगा, वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. अशा इंजिनावर महागडे पार्ट लावणं म्हणजे फुटक्या टाकीला मोठा नळ बसवणं.

त्यानंतर टॅपेट सेटिंग, टायमिंग, रेडिएटर. मूळ गाडीत डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट असायचे. अनेक मालक त्याऐवजी नंतरच्या २८०झेडएक्सचा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर बसवतात. क्रँकशाफ्टच्या पुढच्या डॅम्परमधलं रबरही पाहावं लागतं. सहा सिलिंडरचा क्रँक लांब असतो, जास्त आरपीएमला तो पिळवटतो. हे रबर पन्नास वर्षांत कडक झालेलं असेल तर धोका वाढतो.

पायरी २: श्वास मोकळा करा

२४०झेडला मुळात दोन कार्ब्युरेटर होते. नीट सेट केले तर रोजच्या वापराला ते पुरेसे ठरतात. १९७३ च्या अमेरिकन मॉडेलमधले चपट्या डोक्याचे कार्ब्युरेटर मात्र बदनाम आहेत. बरेच जण ते काढून आधीचे गोल डोक्याचे बसवतात.

या हेडची एक अडचण आहे. हवा आत घेणारी आणि धूर बाहेर टाकणारी तोंडं एकाच बाजूला आहेत. म्हणजे कार्ब्युरेटर थेट तापलेल्या एक्झॉस्टच्या वर. म्हणून मोकळ्या एक्झॉस्ट हेडरसोबत उष्णता अडवणारा पत्राही लागतो.

तीन वेबर किंवा मिकुनी कार्ब्युरेटर येतात ते यानंतर. प्रत्येकाला दोन नळ्या, म्हणजे एका सिलिंडरला एक. पण जेट चुकीचे बसले आणि पेट्रोल कमी पडलं तर इंजिनात नॉकिंग होतं, पिस्टन वितळूही शकतो. म्हणून डायनोवर मिश्रण तपासून घेणं गरजेचं.

पायरी ३: कॅम आणि हेड

वॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा कॅम वरच्या आरपीएमला ताकद देतो. बदल्यात आयडलिंग खडबडीत होतं आणि सिग्नलवरून निघताना गाडी मंद वाटते. शर्यतीचा कॅम ट्रॅफिकमध्ये डोकेदुखी ठरतो तो यामुळेच.

हेड घासून कॉम्प्रेशन वाढवता येतं. पण त्यामुळे कॅम खाली येतो, टायमिंग चेन सैल होते आणि कॅमच्या आधारांखाली तेवढ्याच जाडीच्या पट्ट्या द्याव्या लागतात. एकदा घासलेलं हेड पूर्ववत होत नाही.

पायरी ४: सीसी वाढवा

याच घराण्यातलं २,७५३ सीसीचं एल२८ इंजिन २४०झेडमध्ये फारशी काटछाट न करता बसतं. त्याही पुढे जाणारे निसानच्याच एलडी२८ डिझेल इंजिनाचा क्रँक वापरतात. त्याचा स्ट्रोक ८३ मिमी. सोबत ८९ मिमीचे पिस्टन घातले की इंजिन साधारण ३.१ लिटरचं होतं.

इथे ब्रेक विसरून चालत नाहीत. मूळ गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत, तेही जुन्या ताकदीच्या हिशेबाने.

भारतात काय लक्षात ठेवायचं?

कोणतीही जुनी गाडी असो, २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेला बदल महत्त्वाचा आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त काळ झालेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. मात्र ती मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत.

म्हणजे जास्त ताकदीच्या नादात गाडीची 'विंटेज' ओळखच जाऊ शकते. म्हणूनच जाणकार आधी बोल्ट उघडून परत बसवता येतील असेच बदल करतात आणि काढलेला प्रत्येक मूळ पार्ट चिठ्ठी लावून जपून ठेवतात. कार्ब्युरेटर परत बसवता येतो. घासलेलं हेड आणि बोअर केलेला ब्लॉक मात्र पुन्हा पहिल्यासारखे होत नाहीत.