अडखळणाऱ्या गाडीचे निदान

मोटारीच्या इतिहासाविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते ते बहुधा कारखानदारांच्या बाजूने लिहिलेले असते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली आणि सत्तरच्या दशकात तिचेच नामांतर 'प्रीमियर पद्मिनी' असे झाले, एवढे पुष्कळांस ठाऊक असते. (जायसीच्या नायिकेचे नाव १०८९ घन सेंटिमीटरच्या इंजिनाला मिळावे, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, असो.) पण ही गाडी मुंबईच्या रस्त्यांवर दशकानुदशके चालती ठेवणाऱ्या हातांपाशी जे ज्ञान होते त्याचे स्वरूप काय होते? आम्हांला हा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. त्यासाठी एकच तक्रार घेऊ. सिग्नल सुटला, चालकाने ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी झेपावण्याऐवजी क्षणभर दबली, एक हिसका खाल्ला, मग धावू लागली. गॅरेजच्या भाषेत, 'गाडी पिकअप घेत नाही'.

इंग्रजीत या दोषाला 'हेझिटेशन' म्हणतात. म्हणजे यंत्रावर मनाचा आरोप करतात. प्रत्यक्षात गाडी कचरत नाही, पेट्रोल मागे पडते. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते तेव्हा तिचा दाब घटतो आणि त्या ओढीने जेटमधून पेट्रोल वर येते. हे तत्त्व ज्याच्या नावाने ओळखले जाते तो इटालियन पदार्थवैज्ञानिक व्हेंचुरी १८२२मध्ये वारला. फवाऱ्याचा कार्बोरेटर अवतरला तो त्यानंतर सत्तर वर्षांनी, हंगेरीत बांकी व चोंका यांच्या आणि जर्मनीत माईबाखच्या हातून. संथ गतीत ही व्यवस्था सुरळीत चालते. मात्र झडप एकदम उघडली की हलकी हवा तत्क्षणी आत धावते आणि जड पेट्रोलला वेग घ्यायला वेळ लागतो. त्या निमिषापुरते मिश्रण पातळ होते. हे अंतर भरून काढण्यासाठी पुढे कार्बोरेटरला एक चिमुकला पंप जोडण्यात आला. पद्मिनीच्या सोलेक्स कार्बोरेटरात तो रबरी पडद्याचा असे. पाय दाबला की पडदा दबतो आणि पेट्रोलची एक बारीक धार आगाऊ गळ्यात पडते. पडदा कडक झाला, फाटला किंवा धारेचे छिद्र कचऱ्याने बुजले, की गाडी अडखळते.

पण अडखळणारी प्रत्येक गाडी याच दुखण्याची नसते, आणि खरे कौशल्य येथेच सुरू होते. आयुर्वेदाने रोगपरीक्षेची पाच साधने सांगितली आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. त्यांतील उपशय म्हणजे उपचार करून पाहायचा आणि रोगी त्याला कसा प्रतिसाद देतो त्यावरून रोग ओळखायचा. मुंबईच्या मिस्त्रीची पद्धत हीच होती. ॲक्सिलरेटर हळूहळू दाबला तर गाडी नीट उचलते आणि झटक्यात दाबला तरच अडते, असे असेल तर संशय पंपावर. इंजिन बंद करून एअर फिल्टर काढायचा, गळ्यात डोकावत हाताने झडपेची दांडी ओढायची. धार ताबडतोब आणि सलग दिसली पाहिजे. धार ठीक असूनही गाडी अडत असेल तर चोक थोडा ओढून चालवून पाहायचे. त्याने दोष कमी झाला तर मिश्रण कुठेतरी पातळ होते आहे हे उघड झाले: जेटमध्ये कचरा असेल, फ्लोटची पातळी खाली गेली असेल, वा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून फुकटची हवा आत शिरत असेल. चोक ओढल्याने दोष उलट वाढला आणि मागे काळा धूर निघाला, तर पेट्रोलच जास्त झाले आहे. दोन्हींने फरक पडला नाही तर मात्र कार्बोरेटर सोडून डिस्ट्रिब्युटरकडे वळायचे. पॉइंट जळले आहेत का, स्पार्क पुढे सरकवणारी वजने गंजून अडकली आहेत का, ते पाहायचे. गाडी सुरुवातीला बरी उचलते आणि चढावर, भर वेगात दम तोडते, ही तक्रार तर वेगळीच. तिथे टाकीपासूनची पेट्रोलची वाट तपासावी लागते.

कच्चा कारागीर नेमका येथे घसरे. तक्रार ऐकताच तो कार्बोरेटर उघडी, सारे स्क्रू फिरवी, आणि मूळ दोष पॉइंटांत असेल तर आता एकाचे दोन दोष होत. कार्बोरेटरला हात शेवटी लावायचा, हा जाणत्यांचा दंडक होता. आम्हांला त्यात संहिता-संपादकाचा संयम दिसतो: पाठ अशुद्ध वाटला म्हणून लगेच दुरुस्त करायचा नसतो.

१ एप्रिल २०००पासून 'इंडिया २०००' ही उत्सर्जनमर्यादा देशभर लागू झाली आणि नव्या मोटारींतून कार्बोरेटर हद्दपार होत गेला. इंजेक्शनच्या गाडीत हवेची मोजणी संगणक करतो आणि दोषाचा क्रमांकही तोच सांगतो. मुंबईच्या बहुतेक टॅक्सी तोवर सीएनजीकडे वळू लागल्या होत्या. २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली.

हौसेने जुन्या गाड्या जपणाऱ्यांकडे मात्र हे दुखणे नव्या कारणाने परतले आहे. २०२५पर्यंत देशभरातील पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू असतो, त्यामुळे त्याच हवेला इंधन अधिक लागते. संगणक ते जुळवून घेतो; जेटचे छिद्र आहे तेवढेच राहते आणि मिश्रण पातळ पडते. शिवाय जुन्या पद्धतीच्या रबराला इथेनॉल मानवत नाही. आता पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घालावा लागतो आणि जेट किंचित मोठे. किती मोठे, हे पुन्हा चोक ओढून, गाडी चालवून आणि प्लगच्या टोकाचा रंग पाहूनच ठरते.