किती गाणी गाजली म्हणजे पुरे?

सोनईहून घोडेगावला येऊन नगरचा रस्ता धरला, नगर मागं टाकून दौंडच्या वाटेला लागलं, की अरणगाव येतं. तिथल्या टेकडीवर, मेहेराबादला, मेहेरबाबांची समाधी आहे. आमच्या भागातले लोक शिंगणापूरला शनीच्या चौथऱ्यावर तेल वाहतात, नेवाशाला ज्ञानोबांच्या पैस खांबाला डोकं टेकवतात. मेहेराबादला मात्र फारसे जात नाहीत. तिथं परदेशी माणसं येतात, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. या परदेशी माणसांत सत्तरच्या दशकात लंडनचा एक गिटारवाला होता. पीट टाउनशेंड. मंचावर गिटार आपटून फोडणारा, 'द हू' या रॉक बँडची बहुतेक गाणी लिहिणारा. 1967 साली त्याला मायकेल मॅकइनर्नी या चित्रकार मित्राकडून बाबांची ओळख झाली आणि पुढं तो कायमचा त्यांचा झाला. 1969 साली निघालेल्या 'टॉमी' या अल्बमच्या श्रेयनामावलीत बाबांचं नाव आहे. बाबांनी त्याच वर्षी 31 जानेवारीला देह ठेवला होता.

गाजलेल्या गाण्यांच्या संग्रहाची, म्हणजे 'ग्रेटेस्ट हिट्स' नावाच्या प्रकाराची, कुळकथा सांगायची तर मला याच बँडच्या वाटेनं जावंसं वाटतं. असा संग्रह काढायला एखाद्या बँडकडं किती गाजलेली गाणी असावीत, हा वाद रॉकच्या चाहत्यांत कधी मिटत नाही. दहा? बारा? द हूच्या बाबतीत तर तो फारच चमत्कारिक होतो. या बँडचं एकही गाणं ब्रिटनच्या अधिकृत यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं नाही. अमेरिकेत तर पहिल्या दहांत एकच गाणं पोचलं, 1967 सालचं 'आय कॅन सी फॉर माइल्स', तेही नवव्या क्रमांकापर्यंत. तरीही त्यांच्या निवडक गाण्यांचा एक संग्रह असा आहे, की तो वगळून रॉकचा इतिहास लिहिता येत नाही.

आधी मुळाकडं जाऊ. वेचून एकत्र बांधण्याची खोड आपल्याकडं फार जुनी आहे. सोनईच्या पूर्वेला गोदेकाठी पैठण. तिथल्या सातवाहनांच्या राजा हालाच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथांची निवड. कोटीभर गाथांतून एवढ्या वेचल्या, असं ती स्वतःच सांगते. आकडा खरा मानायचं कारण नाही, पण वेचणाऱ्याची ऐट त्यात दिसते. पुढं छापखाना आल्यावर 1854 साली परशुरामपंततात्या गोडबोल्यांनी 'नवनीत' काढलं, मराठी कवितांचे वेचे. मोरोपंत, वामन पंडित, मुक्तेश्वर यांची ओळख मराठी शाळकरी पिढ्यांना बरीचशी त्या वेच्यांतूनच झाली. या दोन्ही ठिकाणी गाजलेपणाची मोजदाद नव्हती. कुणाचा तरी कान होता आणि त्या कानावर लोकांनी विश्वास टाकला.

गाण्याच्या तबकडीत ही गोष्ट वेगळ्या कारणानं शिरली. जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावत. एक तबकडी, दोन गाणी. आपल्याकडं जी. एन. जोशींनी 1932 साली ना. घ. देशपांड्यांची कविता गाऊन भावगीताची वाट मोकळी केली, ती याच मापात. 1948 साली अमेरिकेच्या कोलंबिया कंपनीनं 33⅓ फेऱ्यांची मोठी तबकडी आणली, एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरनं 45 फेऱ्यांची छोटी तबकडी आणली, पुन्हा एका बाजूला एक गाणं. घरात दोन तऱ्हेच्या तबकड्या झाल्या. गाणी गाजायची छोटीवर, आणि मोठी रिकामी पडलेली. संग्रहाचं बीज या फटीत आहे.

ते रुजलं 1958 सालच्या मार्चमध्ये. जॉनी मॅथिस हा तरुण गायक युरोपात दौऱ्यावर होता, नवं ध्वनिमुद्रण हाताशी नव्हतं, आणि कोलंबियाच्या मिच मिलरना बाजारात काहीतरी आणायचं होतं. त्यांनी मॅथिसच्या छोट्या तबकड्यांवरची गाणी गोळा केली, बारा भरली, आणि 'जॉनीज ग्रेटेस्ट हिट्स' असं नाव दिलं. त्या बाराही गाण्यांनी बाजार गाजवला होता असं नाही. काही छोट्या तबकड्यांच्या मागच्या बाजूची होती. तरी हा संग्रह बिलबोर्डच्या यादीत एकूण 490 आठवडे राहिला, म्हणजे नऊ वर्षांहून जास्त. त्यापूर्वीही जुनी गाणी एकत्र करून विकली जात, पण या नावाची आणि या धंद्याची घडी इथं बसली. खंड पडला होता तो भरून काढायला काढलेली तबकडी, हे तिचं खरं जन्मकारण. 1966 च्या नाताळात बीटल्सचा नवा अल्बम तयार नव्हता, तेव्हा ब्रिटनमध्ये त्यांच्या जुन्या सोळा गाण्यांचा संग्रह निघाला, तोही असाच.

ब्रिटनमध्ये आणखी एक रिवाज होता आणि तो मला फार सभ्य वाटतो. छोट्या तबकडीवर निघालेलं गाणं बहुतेक वेळा मोठ्या अल्बमवर घेत नसत. एकाच गाण्याचे पैसे पोरांकडून दोनदा कसे घ्यायचे, ही त्यामागची भावना. अमेरिकी कंपन्यांना असला संकोच नव्हता. पण या सभ्यपणाचा परिणाम असा झाला, की साठच्या दशकातल्या इंग्रज बँडांची उत्तमोत्तम गाणी बेघर राहिली. छोटी तबकडी झिजली की गाणं गेलं.

द हूचं सारं बळ त्या छोट्या तबकडीत होतं. पुढं टाउनशेंडनं लिहिलं, की सुरुवातीच्या दिवसांत आमचा विश्वास फक्त सिंगलवर होता, पहिल्या दहांच्या यादीवर आणि समुद्रातल्या जहाजांवरून चालणाऱ्या चोरट्या रेडिओ केंद्रांवर. 1965 ते 1969 या काळात त्यांची नऊ गाणी ब्रिटनच्या पहिल्या दहांत गेली. 'माय जनरेशन' आणि 'आयम अ बॉय' दुसऱ्या क्रमांकापर्यंत. ही गाणी तीन मिनिटांत एखाद्या पोराचं अख्खं आयुष्य सांगून मोकळी होतात: तोतऱ्या रागाचं, मुलगी म्हणून वाढवलेल्या मुलाचं, भिंतीवरच्या चित्रावर जीव जडलेल्याचं.

त्यांचा पहिला संग्रह 1968 साली ब्रिटनमध्ये आला, 'डायरेक्ट हिट्स'. बारा गाणी, आणि त्यात 'माय जनरेशन' नाही! ज्या गाण्यानं बँडला ओळख दिली तेच गायब. कारण सुरुवातीचा निर्माता शेल टॅल्मी याच्याशी बँडचं बिनसलं होतं आणि त्याच्याकडं झालेली पहिली गाणी ब्रन्सविक या दुसऱ्या लेबलवर होती. तेव्हा गाजलेली गाणी पुरेशी होती की नव्हती, हा प्रश्नच उरला नाही. ती हातात नव्हती.

हक्काचं हे दुखणं आपल्याला परकं नाही. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचा खजिना एचएमव्हीकडं होता. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, टी-सीरिज आली, आणि मूळ ध्वनिमुद्रण हाताशी नसताना जुनी गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घेऊन संग्रह निघू लागले. कायद्यात त्याला वाट होती. सोनू निगमची पहिली मोठी ओळख रफींच्या गाण्यांच्या अशाच कॅसेटांनी झाली. याच टी-सीरिजच्या गुलशनकुमारांनी शनिदेवावर चित्रपट काढला, आणि सोनईपासून हाकेच्या अंतरावरचं, दारं नसलेल्या घरांचं शिंगणापूर देशभर पोचलं. कॅसेटच्या धंद्यानं आमच्या रस्त्याची रहदारी बदलली, असं म्हटलं तर ते अतिशयोक्त नाही.

कॅसेटनं दुसरीही एक गोष्ट केली, आणि मला ती कंपन्यांच्या संग्रहांपेक्षा मोलाची वाटते. तालुक्याच्या बाजारात कॅसेट भरून देणारी दुकानं निघाली. कोरी कॅसेट घ्यायची, वहीच्या कागदावर गाण्यांची यादी द्यायची आणि चार दिवसांनी न्यायला यायचं. साठ मिनिटांच्या कॅसेटीत एका बाजूला सहा-सात गाणी. पुढं तेच काम मेमरी कार्डानं आणि पेन ड्राइव्हनं केलं. मुळा कारखान्याचा हंगाम सुरू झाला की सोनईच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांवरून जी गाणी ऐकू येतात, तो प्रत्येक ड्रायव्हरनं आपल्या कानानं केलेला संग्रह असतो. त्यात गाजलेलं असतं, आणि एखादं असंही असतं जे त्याच्या एकट्याच्याच मनात गाजलेलं आहे.

द हूचा खरा संग्रह 1971 च्या हिवाळ्याच्या तोंडाला आला: 'मीटी बीटी बिग अँड बाउन्सी'. चौदा गाणी. तोवर जुन्या लेबलचा अडसर दूर झाला होता. पहिल्या दहांत गेलेली नऊच्या नऊ गाणी त्यात आहेत. उरलेली पाच बघा. एक एकोणिसाव्या क्रमांकावर थांबलेलं, एक सव्विसाव्या, दोन त्याहूनही खाली, आणि 'बोरिस द स्पायडर' हे जॉन एन्टविसलचं कोळ्यावरचं गाणं तर ब्रिटनमध्ये सिंगल म्हणून निघालंच नव्हतं. म्हणजे हिशेबानं नऊच पुरती गाजलेली, पाच भरीची. पण ऐकताना भर कुठं आहे ते सांगता येत नाही. 'द किड्स आर ऑलराइट' यादीत कुठवर गेलं याची आज कुणाला पर्वा आहे? माझ्या मते ते त्या चौदांतलं सर्वांत टिकाऊ गाणं आहे. टाउनशेंडनं या तबकडीवर 'रोलिंग स्टोन' मासिकात स्वतःच लेख लिहिला, आणि तो आपल्या मालाची जाहिरात करतो असं न वाटता, जुन्या दिवसांकडं प्रेमानं बघतो असं वाटतं.

म्हणून पुरेशी गाणी आहेत का, या प्रश्नाला माझं उत्तर आहे: विखुरलेली, बेघर गाणी एका बैठकीत ऐकावीत इतकी असतील तर नऊही पुरतात. उलट जी गाणी अल्बममध्ये शेजाऱ्यांसह सुखानं नांदतात, ती उपटून संग्रहात लावली की कोमेजतात. 'टॉमी'मधलं 'पिनबॉल विझर्ड' एकटं उभं राहतं. त्याच अल्बममधली बाकीची बहुतेक गाणी राहत नाहीत. पुढं हा धंदा फार मोठा झाला. ईगल्सनं चार अल्बमांच्या शिदोरीवर 1976 साली दहा गाण्यांचा संग्रह काढला आणि तो अमेरिकेत सर्वाधिक खपलेल्या अल्बमांत जाऊन बसला. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या, तिथंच 'द हेक्टिक्स' नावाचं पोरांचं बँड काढणाऱ्या फारुख बलसाराच्या क्वीननं 1981 साली सतरा गाणी एकत्र केली. ब्रिटनमध्ये त्याहून जास्त खपलेला अल्बम नाही. दोन्ही संग्रह चांगले आहेत. पण त्यांच्यानंतर असा संग्रह ही बँडच्या हयातीतली ठरलेली पायरी झाली, आणि गाणी कमी असली तरी नाव मोठं म्हणून तबकडी भरण्याची सवय लागली.

नगर जिल्ह्याचं जे गाणं जगभर सर्वांत जास्त वाजतं, ते मात्र 'मीटी बीटी'त नाही. त्याआधी दोन-तीनच महिने, ऑगस्ट 1971 मध्ये, 'हूज नेक्स्ट' हा अल्बम आला होता आणि त्याचं पहिलं गाणं होतं 'बाबा ओरायली'. नावातले बाबा म्हणजे मेहेरबाबा, आणि उरलेला भाग अमेरिकी संगीतकार टेरी रायली यांच्यावरून. बाबांच्या जीवनाचा तपशील सिंथेसायझरला पुरवायचा आणि त्यातून जे संगीत निघेल ते घ्यायचं, अशी टाउनशेंडची मूळ कल्पना होती. शेवटी गाण्याच्या आरंभीचा तो अखंड धावणारा स्वर लॉरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनवर निघाला. ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत ते तेव्हा सिंगल म्हणून निघालंच नाही, त्यामुळं कुठल्याही यादीत चढायचा प्रश्न नव्हता. पंचवीस वर्षांनी, 1996 साली, द हूच्या वीस गाण्यांचा नवा संग्रह आला तेव्हा ते त्यात बसलं. 2012 साली लंडन ऑलिंपिकच्या समारोपात बँडनं ते जगासमोर वाजवलं.

आणि एक संग्रह या सगळ्याच्या पलीकडचा आहे. बाबांचा जन्मदिवस 25 फेब्रुवारी. त्या निमित्तानं टाउनशेंडनं 1970 साली 'हॅपी बर्थडे' आणि पुढं 1972 साली 'आय अॅम' अशा दोन तबकड्या बाबाप्रेमींसाठी मोजक्याच प्रतींत काढल्या. पहिलीत बाबांना आवडणारं कोल पोर्टरचं 'बिगिन द बिगीन' होतं. दुसरीत 'बाबा ओरायली'चं शब्दांविना, नऊ मिनिटांहून लांब रूप होतं आणि बाबांच्या परवर्दिगार प्रार्थनेला त्यानं दिलेली चाल होती. अमेरिकेत या तबकड्यांच्या चोरट्या प्रती विकल्या जाऊ लागल्या. तेव्हा त्यानं दोन्हींमधली काही गाणी निवडली, थोडी नवी भर घातली आणि 1972 सालच्या अखेरीस 'हू केम फर्स्ट' हा अल्बम रीतसर बाजारात आणला. पहिल्या दहांत गेलेलं द हूचं एकही गाणं त्यात नाही. गाजलेलं म्हणावं असं एक आहे, ते जिम रीव्ह्ज या अमेरिकी गायकाचं, 1964 साली ब्रिटनमध्ये चाललेलं. ते टाउनशेंडनं स्वतः गाऊन घेतलं, कारण बाबांना ते आवडायचं.