बोरघाटाचे मानकरी

पेशवाईत बोरघाट पायाखालचा होता, चाकाखालचा नव्हता. कोकणातले मीठ वर यायचे ते लमाणांच्या बैलांच्या पाठीवर. श्रीमंत माणूस पालखीत आणि बाकीचे आपले पायी! १८०४ साली जनरल वेलस्लीने येथे रस्ता केला, तोही तोफा ओढण्यापुरता. बैलगाडीवाल्याला थांबावे लागले ते १८३० च्या १० नोव्हेंबरपर्यंत. त्या दिवशी गव्हर्नर सर जॉन माल्कमने घाटाचा गाडीरस्ता खुला केला. बांधणारा कॅप्टन ह्यूज. पाठ्यपुस्तकी इतिहास एवढ्यावर पान उलटतो.

यंदा भाच्याच्या मोटारीतून हा जुना रस्ता मी मुद्दाम खालपासून वरपर्यंत चढलो. खोपोलीला नाना फडणविसांचे तळे आणि महादेवाचे देऊळ मागे पडले, की चढ सुरू होतो. वळणावळणाला गाडी कुरकुरते, खाली दरी उघडत जाते. मध्येच रस्त्याकडेला शिंगरोबाचे लहानसे देऊळ लागते. भाच्याने वेग कमी केला, खिशातले नाणे टाकले, हात जोडले आणि पुढे निघाला. मागचा ट्रकवालाही तसाच थांबला.

शिंगरोबा हा धनगर. साहेबाला डोंगरातून वाट सापडेना, ती म्हणे त्याने दाखवली. ‘काय बक्षीस हवे?’ असे विचारताच तो म्हणाला, ‘आमचा मुलूख सोडून जा!’ बक्षीस मिळाले ते बंदुकीच्या गोळीचे. कुणी ही कथा रस्त्याची म्हणून सांगतात, कुणी १८६३ साली पुऱ्या झालेल्या रेल्वेची. ही दंतकथा आहे, आणि वर्गात मी ती तशीच सांगतो. पण घाटवाटा आधी गुरांनी आणि गुराख्यांनी पाडल्या, मोजणीदार मागून आला, एवढे मला त्यात अगदी खरे वाटते.

पुढे जुना रस्ता द्रुतगती मार्गाला मिळतो. खंडाळ्याच्या अलीकडे तेथे १८३० सालचाच दगडी पूल होता. बांधणाराचे नाव कुणाच्या तोंडी राहिले नाही. डोकेदुखीच्या मलमाची जाहिरात तेथे लागली आणि लोक त्याला अमृतांजन पूल म्हणू लागले! २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ता ओस असताना, तो सुरुंगाने पाडला.

आम्ही तेथून गेलो तेव्हा वर नुसते आभाळ होते. भाचा म्हणाला, ‘मामा, अमृतांजन आला. आता खंडाळा.’