जेद्द्याच्या भिंती आणि चुन्याचा हात

मुंबईहून हजला जाणारी जहाजं 1995 मध्ये कायमची बंद झाली. तोवर आपल्याकडचे कितीतरी हाजी समुद्रानंच गेले आणि तांबड्या समुद्राच्या काठी जेद्द्याला उतरले. परतल्यावर ते बोलत ते मक्का-मदिनेबद्दल. जेद्द्याचं नाव ओझरतं येई. उतरायचं, सामान मोजून घ्यायचं आणि सत्तरेक किलोमीटरवरच्या मक्केकडे निघायचं, एवढंच त्या शहराचं काम. पण हाजींच्या आणि मालाच्या या ये-जा वरच तिथल्या व्यापाऱ्यांनी चार-चार, पाच-पाच मजली पांढरीशुभ्र घरं उभारली होती. मला आज बोलायचं आहे ते त्या घरांच्या गिलाव्याबद्दल.

'गिलावा' हा शब्द आपण फारसीतून घेतला. गिल म्हणजे माती, आब म्हणजे पाणी. गवंड्याच्या थापीवरचा हा शब्द इतका मराठी झाला आहे, की त्याचं मूळ शोधायची गरज कुणाला वाटत नाही.

खलिफा उस्मान यांनी इसवी सन 647 मध्ये जेद्द्याला मक्केचं बंदर केलं. मात्र ज्या घरांबद्दल मी बोलतो आहे, ती बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आगबोटी वाढल्या, यात्रेकरू वाढले आणि जेद्द्यात पैसा आला. घराच्या तळमजल्यावर दुकान, वखार किंवा पेढी, वर कुटुंबाचा राबता, आणि हजच्या दिवसांत खोल्या यात्रेकरूंना भाड्यानं. म्हणजे हे वाडेही होते आणि व्यापारी इमारतीही. त्यातलं सर्वांत नामांकित नसीफ यांचं घर. त्याचं बांधकाम 1872 मध्ये सुरू झालं. 1925 च्या अखेरीस जेद्दा हाती आल्यावर राजे अब्दुलअझीझ याच घरात उतरले होते. दारापाशी एक झाड आहे आणि ते चक्क कडुनिंबाचं आहे! ते हिंदुस्थानातून आलं, असं तिथं सांगतात.

आता बांधकामाकडे वळू. वाळवंटाच्या काठावर इमारतीचा दगड आणायचा कुठून? जेद्द्याच्या लोकांनी तो समुद्रातून काढला. किनाऱ्यालगतच्या प्रवाळाच्या थरांतून चिरे कापायचे, खाडीतल्या चिकणमातीत ते बसवायचे आणि साधारण हात-दोन हातांवर भिंतीत लाकडाचे आडवे वासे घालायचे, म्हणजे भार सारखा वाटला जातो. खिडक्यांना नक्षीदार लाकडी सज्जे, त्यांना तिथं 'रोशन' म्हणतात. आपल्या रोशनदानाची आठवण व्हावी असाच शब्द. त्यासाठी लागणारं सागवान बाहेरून जहाजांनी येई, त्यात हिंदुस्थानचाही माल असे.

प्रवाळाचा चिरा हलका असतो, कापायला सोपा असतो, पण स्पंजासारखा सच्छिद्र असतो. आणि तो समुद्रातून आलेला, तेव्हा मीठ त्याच्या अंगातच असतं. वाळवंट म्हटलं की आपल्याला कोरडी हवा आठवते. जेद्द्यात पाऊस वर्षाकाठी पन्नास-साठ मिलिमीटरच पडतो, तोही एखाद-दुसऱ्या सरीत. हवा मात्र समुद्राची, दमट, घामट. रात्री हवेतला ओलावा भिंत पिते, तिच्यातलं मीठ विरघळतं. दिवसा ऊन तापलं की पाणी उडून जातं आणि मिठाचे स्फटिक दगडाच्या छिद्रांत फुगतात. आपल्याकडे जुन्या भिंतीला 'लोणा लागला' म्हणतात, तोच हा प्रकार, पण अहोरात्र चालणारा. पावसापेक्षा हे मीठच इथल्या भिंतीला खातं.

यावरचा जुना इलाज म्हणजे चुना. प्रवाळ ही रसायनाच्या भाषेत चुनखडीच. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवायचा, मुरवायचा आणि वाळू घालून भिंतीला लावायचा. हवेतला कर्बवायू शोषत तो सावकाश पुन्हा चुनखडी होतो. कोकणात शिंपल्या भाजून चुना करत, त्याचंच हे भावंड. असा गिलावा दगडापेक्षा मऊ राहतो आणि त्यातून हवा खेळते. भिंतीतला ओलावा त्याच्यातून बाहेर पडतो, मीठही त्याच्यातच येऊन साचतं. मग पोपडे सुटतात ते गिलाव्याचे. चिरा शाबूत राहतो. गिलावा खराब होणं हे त्या बांधकामाचं अपयश नव्हतंच. तो झिजण्यासाठीच लावलेला होता. झिजला की खरवडायचा आणि नवा लावायचा, त्यावर चुन्याच्या निवळीचे हात द्यायचे. पांढऱ्या रंगामुळे ऊनही परतवलं जाई.

अर्थात यासाठी घराचा मालक घरात हवा. खाली त्याची पेढी असे, दारात गिऱ्हाईक आणि हाजी येत, तेव्हा भिंत पडकी दिसून चालत नसे. चुन्याचा खर्च हा धंद्याचाच खर्च होता. मला या साऱ्या गोष्टीत हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. स्थापत्याच्या पुस्तकांत खिडक्यांच्या नक्षीवर पानंच्या पानं असतात. दर काही वर्षांनी बादली आणि कुंचा घेऊन येणाऱ्या माणसावर क्वचितच दोन ओळी सापडतात.

1947 मध्ये शहराचा तट पाडला गेला. पुढं तेलाचा पैसा आला, शहर उत्तरेकडे पसरलं आणि 1970 च्या दशकापर्यंत जुनी घराणी बंगल्यांत राहायला गेली. जुन्या घरांच्या खोल्या मजुरांना भाड्यानं गेल्या. त्यात आपल्या उपखंडातले लोकही पुष्कळ. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. जो महिन्याचं भाडं कसंबसं भरतो, त्यानं दुसऱ्याच्या भिंतीला चुना का लावावा? मालक दूर, भाडेकरू तात्पुरता, मधल्या मध्ये भिंत बेवारशी झाली. सांडपाणी जमिनीत मुरून शहराखालच्या पाण्याची पातळी चढली, ते पायातून वर येऊ लागलं. नळ गळू लागले, वातानुकूलन यंत्रांसाठी भिंतींना भोकं पडली.

आणि मग आलं सिमेंट. दिसायला टणक, करायला झटपट. पण सिमेंटचा गिलावा प्रवाळापेक्षा कडक आणि श्वास कोंडणारा. ओलावा आणि मीठ त्याच्या मागं अडकून राहतं. बाहेरून भिंत ठणठणीत दिसते, आत चिऱ्याचा भुगा होतो, लाकडी वासे कुजतात. एक दिवस सिमेंटची ढलपी निघते, ती दगडाचा थर बरोबर घेऊन. आपल्याकडच्या चुन्यात बांधलेल्या जुन्या वाड्यांनाही सिमेंटच्या डागडुजीनं असंच छळलं आहे.

1970 च्या दशकात महापौर झालेले वास्तुविशारद महंमद सईद फारसी यांनी जुन्या शहराकडे लक्ष दिलं, 1980 च्या सुमारास वाचवण्याजोग्या इमारतींची मोजदाद झाली. तरीही आगी लागत राहिल्या, घरं कोसळत राहिली. 2014 मध्ये युनेस्कोनं 'मक्केचं प्रवेशद्वार' म्हणून ऐतिहासिक जेद्द्याला जागतिक वारसा यादीत घेतलं. 2019 मध्ये 56 इमारतींच्या डागडुजीसाठी पाच कोटी रियाल जाहीर झाले.

असं काम वेळखाऊ असतं. आधी सिमेंट हातानं, जपून ठोकून काढावं लागतं, कारण यंत्र लावलं तर चिराच फुटतो. मग भिंतीला ओला लेप देऊन मीठ बाहेर ओढायचं. भिंत वाळू द्यायची. कुजलेले वासे बदलायचे. त्यानंतर चुन्याचे पातळ थर, एक सुकल्यावर दुसरा. उन्हात चुना फार लवकर वाळला तर तडकतो, म्हणून तो ओलसर ठेवायला माणूस लागतो.

दुरुस्त झालेल्या काही घरांत आता हॉटेलं आणि कॅफे सुरू झाली आहेत. काहींना हे रुचत नाही. वारशाचा बाजार मांडला, असं ते म्हणतात. मला तसं वाटत नाही. ही घरं बाजारासाठीच बांधलेली होती. तळमजल्यावर पुन्हा गल्ला वाजू लागला, तर चुन्याच्या पुढच्या हाताचे पैसे त्यातूनच निघतील.